पेंढ्याचं रेडकू

आमच्या घरात मी पहिली फसवणूक पाहिली ती एका म्हशीची, आणि त्या फसवणुकीला माझेच हात लागले होते. वय असेल सात. पुढे मी आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं. कोल्हे, करकोचे, सिंह, उंदीर, सगळ्यांच्या गोष्टी पोरांना रंगवून सांगितल्या आणि शेवटी खडू फळ्यावर टेकवून विचारलं, "मग तात्पर्य काय?" पोरं एका सुरात उत्तर द्यायची. म्हशीची गोष्ट मात्र मी कधी वर्गात काढली नाही. त्या गोष्टीत म्हैस एक शब्द बोलत नाही, बोलतात ती माणसंच. आणि खरं सांगायचं तर त्यात माझं सोंग कुठलं होतं हे पोरांपुढे कबूल करायची मला लाज वाटायची. आता निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. कशेळीला मुलाच्या घरी खिडकीशी बसते, खाली गोदामांचे ट्रक दिवसभर भोंगे वाजवत असतात, दूध पिशवीतून येतं. बाबा गेला, आई गेली, काकी तर त्यांच्याही आधी गेली. आता भीड धरायची तरी कुणाची?

आमचं गाव भिवंडीहून खारबावकडे जाताना लागायचं. लागायचं म्हणते, कारण आता तिथे पत्र्याच्या शेडी लागतात आणि त्यांच्या मध्ये कुठेतरी गाव आहे. घर कौलारू, एकाच ओटीचं, आत दोन चुली. एक आईची, एक भागीकाकीची. भागीकाकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. मागच्या बाजूला गोठा आणि त्यात तीन म्हशी. वारा भिवंडीकडून आला की शेलार गावातल्या यंत्रमागांची खटखट ऐकू यायची. खाडीकडून आला की चिखलाचा आणि सुकत घातलेल्या जवळ्याचा वास. सकाळी दोन्ही चुलींवर तांदळाच्या भाकऱ्या थापल्या जायच्या, आणि काकीच्या हातची भाकरी अशी फुगायची की आई ते पाहूनही न पाहिल्यासारखं करायची. सोबत भाजलेले सुके बोंबील, नाहीतर वालाचं कालवण. दूध आम्हा पोरांच्या वाट्याला फारसं यायचं नाही. ते बाबा सायकलला कॅन अडकवून भिवंडीच्या हॉटेलांत नेऊन घालायचा. मागावरच्या कामगारांच्या चहात आमच्या म्हशींचं दूध आणि आमच्या वाटीत ताक, असा तो हिशेब होता आणि तो कुणाला खटकत नव्हता.

त्या घरात आम्ही दोन मुली होतो. मी आणि काकीची नंदा. मी तिच्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी, पण अंगानं तिच्याहून बारीक. आदल्या वर्षीच्या दिवाळीला काका अजून होता. तो मागावर कामाला जायचा, तिथून एका ताग्याचा उरलेला पिवळा तुकडा त्यानं आणला आणि त्यातून आम्हा दोघींना दोन सारखे फ्रॉक शिवले. आम्ही ते घालून गावभर फिरलो. पाठमोऱ्या असलो की आमच्या आयांनाही कोण कुठली ते कळायचं नाही, म्हणून चुकून एकीचा धपाटा दुसरीला बसायचा. मग काका काविळीनं गेला. आणि पुढच्या भाद्रपदात नंदा तापानं चार दिवसांत गेली. तिचे दुधाचे दात पडले नव्हते. आमच्यात अशा पोराला जाळत नाहीत, पुरतात. काकाच्या वाटणीच्या शेतात, बांधावरच्या करंजाखाली तिला पुरलं. आईनं माझा पिवळा फ्रॉक ट्रंकेत तळाशी टाकला, काकीच्या डोळ्यांसमोर यायला नको म्हणून. आईनं केलेली ही एक गोष्ट मी आजही तिच्या बाजूनं धरते. पुढे तिच्या बाजूनं धरावं असं फारसं काही उरलं नाही.

काकी रडली नाही. निदान आमच्यासमोर नाही. ती म्हशींचं करत राहिली. तीन म्हशींपैकी चंद्री तिची स्वतःची, माहेराहून खारबावहून आलेली, कपाळावर पांढरा चांद असलेली. ती काकीशिवाय दुसऱ्या कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. भातं झोडून झाली आणि त्याच सुमाराला चंद्री व्याली. घरात खरवस झाला, वेलची घालून, आणि मी दोन वाट्या खाल्ल्या. रेडकू नर होतं. नर रेडकाला पोटभर पाजायचं म्हणजे हॉटेलचं दूध वाया घालवायचं. बाबा त्याला दोन सड चाटू द्यायचा आणि चंद्री पान्हवली की दाव्यानं मागे ओढायचा. काकी म्हणायची, अहो भावोजी, पिऊ द्या थोडं. बाबा म्हणायचा, हो हो, उद्या पाजू. ते उद्या काही आलं नाही. एका सकाळी रेडकू उठलंच नाही. मी बाबाला विचारलं, ते कशानं मेलं? तो म्हणाला, त्याचं नशीब. नशीब हा शब्द तो नेहमी दुसऱ्यांच्या बाबतीत वापरायचा.

रेडकू मेलं की म्हैस आटते. दोन दिवस चंद्रीनं दुधाचा थेंब दिला नाही, नुसती दावणीला हंबरत राहिली, आणि कास दगडासारखी झाली. तिसऱ्या दिवशी बाबानं शेलारकडच्या एका म्हाताऱ्याला आणलं. त्यानं रेडकाचं कातडं सोलून, मीठ आणि राख लावून वाळवायला घातलं, मग आत नव्या भाताचा पेंढा ठासून भरला, पोट सुतळीनं शिवलं आणि चार पायांत बांबूच्या काठ्या घातल्या. डोळ्यांच्या जागी दोन भोकं होती. मला ते भयंकर वाटलं आणि लगेच आवडलंही. माझं काम ठरलं ते असं: धारेच्या वेळी ते रेडकू चंद्रीच्या तोंडासमोर धरून उभं राहायचं आणि अधूनमधून हलवायचं. त्याच्या पाठीवर मिठाचं पाणी शिंपडलेलं असायचं. चंद्रीनं हुंगलं, फुरफुरली, पुन्हा हुंगलं, आणि मग आपली खरखरीत जीभ बाहेर काढून ते पेंढ्याचं बोचकं चाटायला लागली. तिकडे काकीच्या चरवीत धार वाजायला लागली. बाबा हसला. म्हणाला, "जनावर ते जनावरच." मीही हसले, कारण माझ्यामुळे दूध आलं होतं. काकी खाली मान घालून धार काढत होती, तिचं तोंड मला दिसलं नाही.

त्याच दिवसांत भिवंडीचा एक शेठ आमच्या ओटीवर यायला लागला. त्याला मागांच्या शेडी टाकायला सडकेकाठची जमीन हवी होती. सडकेकाठची जमीन म्हणजे नेमका काकाचा वाटा. काका गेल्यावर सातबाऱ्यावर काकीचं नाव लागलं होतं. शेठ चहा प्यायचा, बाबा आमच्या वाट्याला कधी न आलेली साय त्याच्या चहात घालायचा आणि आत येऊन काकीशी बोलायचा. त्यानं आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग चार दिवस बोलणंच टाकलं. काकी एकच म्हणायची की तिथे माझी पोर आहे. बाबा म्हणायचा, पोर कुठे आहे आता, माती आहे. काकी म्हणायची, तर मग माती आहे. खारबावहून तिचा भाऊ येऊन गेला, म्हणाला, ताई, माहेरी चल. काकी गेली नाही. ती रोज संध्याकाळी करंजाखाली जाऊन यायची आणि येताना म्हशींना गवताचा भारा आणायची, म्हणजे नुसतीच गेली असं कुणी म्हणू नये.

एके दिवशी शाळेतून आले तर आईनं ट्रंक उघडली होती. पिवळा फ्रॉक बाहेर काढून ती झटकत होती. माझा आनंद गगनात मावेना. फ्रॉक आखूड झाला होता, पण अंगात गेला. आई बटणं लावताना माझ्याकडे पाहत नव्हती. मग बाबानं मला जवळ घेतलं. तो मला फार क्वचित जवळ घ्यायचा, त्याच्या अंगाला सायकलच्या तेलाचा आणि दुधाचा मिळून एक वास यायचा, तो मला अजून आठवतो आणि अजूनही वाईट म्हणवत नाही. तो म्हणाला, "वनी, काकी एकटी पडली ना? आजपासून तू तिच्याकडं जेव, तिच्याकडंच झोप. आन् तिला काकी नको म्हनू. बय म्हन. तिला बरं वाटंल." बय म्हणजे आई. नंदा काकीला बय म्हणायची. मला वाटलं, आपला बाबा किती चांगला आहे. हे मी आज जसं लिहिते आहे तसंच तेव्हा वाटलं होतं, त्यात भर घातलेली नाही. आई चुलीकडे वळली आणि विझलेल्या चुलीत फुंकर मारत राहिली.

मी पिवळा फ्रॉक घालून काकीच्या चुलीपाशी गेले आणि म्हटलं, "बय, मला भूक लागली." काकीच्या हातात भाकरीचा गोळा होता. तो तिनं तसाच परातीत ठेवला. किती वेळ ती माझ्याकडे पाहत होती कोण जाणे. मग पिठाचे हात पदराला पुसून तिनं मला भाकरी वाढली. त्या दिवशी ती माझ्याशी काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या केसांना तेल लावलं आणि इतकी घट्ट वेणी घातली की डोळे ताणले गेले. मग हळूहळू ती सुटत गेली. माझ्यासाठी तांदळाच्या पिठाचे गूळ घातलेले पोळे करायची. दुधाचा एक पेला बाबाच्या कॅनमध्ये जायच्या आधी बाजूला काढायची आणि माझ्या हातात द्यायची, पी म्हणायची, सगळं पी. आमच्या घरात पोरीला इतकं दूध कुणी कधी पाजलं नव्हतं. मी सुखात होते. दोन आया असलेली गावातली मी एकटीच, असं मी शाळेत सांगितलंही. कधी कधी काकी चुकून मला नंदा म्हणायची आणि मी ओ द्यायचे. लबाडी म्हणून नाही हो, ती हाक गोड होती म्हणून.

इकडे माझं आणखी एक प्रेम वाढत होतं, ते रेडकाचं. चाटून चाटून त्याच्या पाठीचे केस गेले होते आणि त्याला कुबट वास यायला लागला होता. माझ्यावर माया करणारी माणसं मला न्हाऊ घालत होती, मग मी रेडकाला न्हाऊ घालायला लागले. कुणाला न सांगता रोज दुपारी विहिरीवरच्या दगडावर त्याला आडवं करून दोन कळशा पाणी ओतायचे, फडक्यानं पुसायचे आणि गोठ्यामागे उन्हाला उभं करायचे. आठ-दहा दिवसांत त्याच्या पोटाची शिवण फुगली. मला वाटलं, बाळसं धरलंय. मग एका सकाळी पाहते तो शिवणीतून हिरवे कोंब बाहेर आलेले. झोडून झालेल्या पेंढ्यातही चुकार दाणे राहतात, त्यांना पाणी मिळालं आणि मेलेल्या रेडकाच्या पोटात भात उगवलं. बोटभर उंचीचं, पोपटी, लवलवीत. मी हरखून गेले. आता हे जिवंत होणार, याबद्दल मला शंका राहिली नाही. धारेच्या वेळी मी मोठ्या ऐटीत ते चंद्रीसमोर नेलं.

चंद्रीनं हुंगलं. पाठ चाटली नाही. तिनं मान खाली घातली आणि पोटाशी आलेले कोंब ओरबाडून खाल्ले. मग शिवणीत तोंड घालून ओला पेंढा ओढला. सुतळी तटातट तुटली, पाय एकीकडे, मान एकीकडे, आणि चंद्री डोळे मिटून शांतपणे रवंथ करायला लागली. मी किंचाळले. तिनं आपलं बाळ खाल्लं, एवढंच मी ओरडत होते. बाबा धावत आला, काय झालं ते पाहिलं आणि माझ्या पाठीत धपाटा घातला की कातडं भिजवून नासवलंस. काकी मात्र धार काढायची थांबली नव्हती. मला तेव्हा लक्षात आलं नाही, पण आज नीट आठवतं की चरवीतला आवाज एकदाही खंडला नव्हता. पेंढा चावत चावत चंद्री दूध देतच होती. बाबानं त्याच दुपारी कातड्यात कोरडा पेंढा भरून ते पुन्हा शिवलं. आणि त्या दिवसापासून काकी मला पाहताना कधी कधी मध्येच थांबायची, काहीतरी ऐकू आल्यासारखी.

मग तो दिवस आला. सकाळचं जेवण चाललं होतं. बाबा काकीच्या चुलीपाशी येऊन बसला, हे कधी व्हायचं नाही. तो म्हणाला की वनीला तो कायमची काकीच्या ओटीत घालणार आहे, कागद करून, रीतसर. ती म्हातारपणी काकीला पाहील. घर एक, पोर एक, मग जमिनीवर वेगळं नाव कशाला, ती त्याच्या नावावर करून द्यावी. काकी भाकरी भाजत होती. बाबानं माझ्याकडे पाहिलं. आदल्या दिवशी सायकलवर पुढे बसवून त्यानं मला दोनदा म्हणायला लावलेलं मी म्हटलं. "बय, अंगठा दे ना. मग मी तुझीच." पाठ केलेलं होतं, पण माझ्या मनातही दुसरं काही नव्हतं. पाठ केलेलं आणि मनातलं एकच असलं की माणूस फार गोड बोलतो. शिक्षिका झाल्यावर मी हे पोरांच्या भाषणांत हजारदा पाहिलं.

काकीनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "करंजाखालची जागा सोडायची. तिथं कुदळ लागता कामा न्हाय."

"न्हाय लागनार," बाबा म्हणाला. आणि त्यानं आपला रुंद तळवा माझ्या डोक्यावर ठेवला. "वनीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो."

खोटी शपथ घेतली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला ते माणूस मरतं, हे आम्हा पोरांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे त्या तळव्याखाली मला केवढं सुरक्षित वाटलं. मुलीचं डोकं पणाला लावून कोणता बाप खोटं बोलेल? दोन दिवसांनी आम्ही भिवंडीला कचेरीत गेलो. मी काकीच्या मांडीवर, पिवळ्या फ्रॉकमध्ये. कारकुनानं सहज विचारलं, ही कोण? बाबा पटकन म्हणाला, तिचीच पोर. काकीनं बाबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताचा अंगठा पुढे केला. शाई लागलेला अंगठा पुसायला तिला कुणी कापड दिलं नाही, तिनं तो भिंतीला पुसला. येताना बाबानं पाव किलो जिलबी घेतली. मी ती रस्ताभर खात आले. ही जिलबी मला खरवसापेक्षाही जास्त बोचते. दोन्ही पदार्थ मी पुढे आयुष्यात कधी तोंडाला लावले नाहीत, आणि मुलं विचारतात तर सांगते की पचत नाही.

गरज सरो, वैद्य मरो, अशी म्हण आहे. आमच्या घरात वैद्याला मरायला आठवडाही लागला नाही. बाबानं सांगितलं की वनीची वार्षिक परीक्षा जवळ आली, तिला आता इकडेच झोपू दे. मी म्हटलं, कागद करायचा आहे ना? तो म्हणाला, करू, उद्या करू. हे उद्या मी ओळखायला हवं होतं, रेडकालाही तेच मिळालं होतं. आईनं फ्रॉक काढून घेतला. मी संध्याकाळी काकीच्या चुलीकडे निघाले की आई मनगट धरायची. मी विचारायचे, का? आई म्हणायची, बाबाला विचार. आणि बाबाला विचारलं की तो म्हणायचा, आईचं ऐक. मध्ये एक भिंत होती, पलीकडे काकी एकटीसाठी भाकरी थापायची आणि तिच्या हातांचा आवाज मला ऐकू यायचा.

मग शेठची माणसं आली. दोन दिवसांत बांध मोडले. तिसऱ्या दिवशी शाळेतून येताना पाहिलं तर करंज आडवा पडला होता आणि त्याच्या मुळांच्या जागी खड्डा होता, माती सपाट करायला माणसं फावडी चालवत होती. काकी सडकेवर उभी होती. ओरडली नाही, कुणाच्या अंगावर गेली नाही. मी मात्र घराकडे पळत सुटले. गोठ्यात जाऊन पेंढ्यात बसले आणि मरायची वाट पाहायला लागले. बाबानं माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, कुदळ लागली होती, आता मी मरणार हे उघड होतं. मला फक्त कळत नव्हतं की दुखेल का. दिवस मावळेपर्यंत मी बसले. मेले नाही. मेले नाही तेव्हा मला जे वाटलं ते सुटकेचं नव्हतं. बाबाला हे आधीच ठाऊक होतं, की शपथेनं कुणी मरत नाही, म्हणूनच त्यानं माझं डोकं निवडलं, एवढं मला त्या पेंढ्यात बसून कळलं. की त्याला ठाऊक नव्हतं आणि तरीही त्यानं हात ठेवला? यातलं अधिक वाईट कोणतं, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. पुढे मी मोठी झाल्यावर एकदा त्याला विचारलं. तो म्हणाला, तुझी शाळा आणि तुझं लग्न त्याच जमिनीतून झालं. ते खरं होतं. माझ्या पुस्तकांना, माझ्या मंगळसूत्राला ती माती लागलेली आहे. म्हणून मी त्याला माफ करायला हवं होतं, असं माझा मुलगा म्हणतो. मी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीनं आपलं गाठोडं बांधलं, चंद्रीचं दावं सोडलं आणि निघाली. खारबाव पायी तासाभराचं. तिला कुणी थांबवलं नाही. आई ओटीवर आली आणि आत गेली. मी खांबाला धरून उभी होते. काकी माझ्या अंगावरून गेली, थांबली नाही. ती सडकेला लागल्यावर माझ्या डोक्यात एकदम आलं की रेडकू राहिलं. आता खारबावला चंद्री पान्हवणार कशी? मी गोठ्यात पळाले, ते खुंटीवरून काढलं, दोन्ही हातांत कवटाळलं आणि धावत सुटले. ते माझ्याएवढंच होतं, त्याच्या काठ्यांचे पाय माझ्या गुडघ्यांना लागत होते.

"बय," मी हाक मारली, "बय, रेडकू राहिलं."

काकी थांबली. चंद्रीही थांबली. तिनं वळून रेडकाकडे पाहिलं, फुरफुरलीसुद्धा नाही, आणि कडेचं गवत तोडायला लागली.

"न्हाय लागत तिला ते," काकी म्हणाली.

"मग ती दूध कशी देईल?"

काकीनं रेडकाच्या उसवलेल्या पोटावरून हात फिरवला. बाहेर आलेली एक काडी आत खोचली. "वने, तिला काय वास येत न्हाय? तिला पैल्या दिसापासून ठावं हाय, यो पेंढा हाय. पन कास भरली की ठनकते गं. मंग समोर कुनी बी उभं असू दे, सोडावं लागतं." मग तिनं माझ्या हनुवटीला हात लावला, त्याच अंगठ्यानं. "तुझा काय दोष न्हाय. तुला उभी केली, तू उभी राहिलीस. पन आता मना काकीच म्हन."

ती गेली. वळणापर्यंत मी पाहत होते. तोंडात दोन शब्द होते, त्यातला एक आता चालणार नव्हता आणि दुसरा मला म्हणवला नाही, म्हणून मी काहीच हाक मारली नाही.

रेडकू उचलून मी परत आले. बाबा ओटीवर बसून सायकलची साखळी पुसत होता. त्यानं विचारलं, गेली? मी म्हटलं, गेली. त्यानं माझ्या हातातलं रेडकू घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं, पोटाची शिवण ओढून पाहिली. गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीला व्यायला महिनाभर उरला होता.

"ठेव वर माळ्यावर," तो म्हणाला. "पुढच्या येळेला कामाला यील."

मी शिडी लावली आणि ठेवलं.